पाठीवरची बोटं

दाजी हरावेत असं घरच्यांनीच ठरवलं, अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. घरचे म्हणजे दोघंच. एक ताई, दाजींची बायको. दुसरा तिचा भाऊ. वीस वर्षं तो रिंगच्या कोपऱ्यात दाजींसाठी पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभा राहिला होता. त्याला सगळे धाकटा म्हणत.

दाजी एके काळचे हेवीवेट चॅम्पियन. आता सत्तेचाळीस वर्षांचे झाले. चहात साखर दोनदा घालतात, आणि वर जायचं होतं की खाली, हे जिन्यात थांबून विचारतात. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढच्या महिन्यात एक शेवटची लढत खेळायचीच म्हणून हटून बसले होते. समोरचा गडी सव्वीस वर्षांचा, बैलासारखा. आता दाजींना अडवील तर लढतीआधी तपासणी करणारा बॉक्सिंग मंडळाचा डॉक्टरच.

"तू बरोबर जा," ताई म्हणाली. "पण काही करू नकोस. नुसता बसून राहा."

हे बजावण्यामागे कारण होतं. किताबाच्या लढतीत नववी फेरी संपली तेव्हा दाजी स्टुलावर बसले, पण आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नव्हतं. रिंगचा डॉक्टर वाकून विचारू लागला, "कितवी फेरी?" धाकट्याने पाठ पुसता पुसता बोटाने नऊ टिचक्या मारल्या. दाजी म्हणाले, "नववी." डॉक्टर मागे सरला आणि किताब घरी आला. मग ती सवयच लागली. त्या टिचक्यांवर दाजी सहा वर्षं चॅम्पियन राहिले, आणि थांबायला हवं होतं तिथे मार खात राहिले. हे धाकट्याला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

डॉक्टरांच्या खोलीत वजन झालं, छाती तपासून झाली. दाजी शर्ट घालायला लागले. बाही सापडेना, म्हणून धाकटा उठून मागे उभा राहिला.

"आपण कितव्या मजल्यावर आहोत?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

दाजींनी मान किंचित मागे वळवली. धाकट्याने हात आवरले. "दुसऱ्या," दाजी म्हणाले. चार मजले ते दोघं नुकतेच चढून आले होते. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. धाकट्याला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"मुलं किती तुम्हाला?"

दाजी हसले. मग हसू ओसरलं. त्यांचे ओठ हलू लागले. मानेवर घाम आला. एवढा डोंगराएवढा माणूस आपली पोरं मोजत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. धाकट्याला ते पाहवेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कॉलर सारखी करता करता त्याचं बोट पाठीवर तीनदा पडलं.

"तीन," दाजी म्हणाले, अगदी ठणकावून.

"मजला तर मीही विसरतो," डॉक्टर हसून म्हणाले आणि सही केली.

धाकट्याने तोंड उघडलं. पण सांगायचं काय? या माणसाला स्वतःची मुलं किती ते माहीत नाही, हे त्याच्यादेखत कसं सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने दाजींच्या शर्टाची बटणं लावायला घेतली.

बाहेर बाकावर ताई होती. दाजींनी कागद डोक्यावर धरला, आणि रांगेतल्या कुणीतरी त्यांना ओळखून टाळ्या वाजवल्या. ताईने भावाकडे पाहिलं. काय झालं ते तिने विचारलंच नाही.

"लढतीत टॉवेल तरी फेकशील?" ती हळूच म्हणाली. "तू टॉवेल फेकलास की पंच तिथेच लढत थांबवतो ना?"

"फेकीन," तो म्हणाला.

ताईने मान हलवली आणि दाजींचा दंड धरून ती जिन्याकडे निघाली. तिचा विश्वास बसला नव्हता. त्याचाही नव्हता.