समुद्र शाळेत येतो

आमची शाळा समुद्राला इतकी चिकटून आहे की भरतीचं पाणी मुतारीच्या मागच्या भिंतीवर आपटतं, आणि ओहोटी लागली की पोरं तिथून खेकडे धरून थेट वर्गात आणतात. याच शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठाल्या निळ्या अक्षरांत रंगवलंय : वादळ निवारा.

त्या वर्षी वरून हुकूम आला, की विज्ञानाच्या तासाला आपत्तीची तयारी शिकवायची. एक महिना भूकंप, एक महिना ज्वालामुखी, एक महिना वादळ. फिलिपिन्समधल्या आमच्या कातांदुआनेस बेटावर ज्वालामुखी नाही, हे मी कळवलं. उत्तर आलं, की तक्ता तरी लावा. लावला.

वादळाच्या पाठात ‘स्टॉर्म सर्ज’ असा शब्द होता. पाचवीच्या वर्गात विचारलं, हे काय असतं? एक जण म्हणाला, साबण. दुसरी म्हणाली, डोकेदुखीची गोळी. मी फळा पुसला आणि लिहिलं : समुद्र घरात येतो. एवढं सगळ्यांना कळलं. पाठाखाली प्रश्न होता, ‘अशा वेळी तुम्ही कुठे जाल?’ उत्तरही छापून आलं होतं, ‘निवाऱ्यात.’ म्हणजे शाळेत. म्हणजे ज्या समुद्रापासून पळायचं, त्याच्याच मांडीवर जाऊन बसायचं.

मी बेकरीतून पावाचा मोठा ट्रे मागून आणला. एका टोकाला मातीची टेकडी केली, मधे वाळू, वाळूवर काड्यापेट्यांचं गाव, पाण्याच्या कडेला शाळा. दुसऱ्या टोकाला पाणी. फळीने पाणी पुढे ढकललं.

“मॅम, शाळा बुडाली,” एमरल्ड म्हणाली. ही मुलगी पहिल्या बाकावर बसते आणि मी म्हणेन त्यातलं काहीही तपासल्याशिवाय घेत नाही.

“हो, बुडाली.”

“तुम्ही लई जोरात ढकललं.”

“मग तू ढकल.”

तिने अगदी हलक्या हाताने ढकललं. शाळा पुन्हा बुडाली. तिने शाळेखाली खडे लावले, पुढे खोडरबरांचा बांध घातला, मागच्या बाकावरच्या एकाने देवाचं नाव घेऊन बघितलं. शाळा बुडतच राहिली.

“मग निवारा कुठेय, मॅम?”

“शाळेत.”

“म्हणजे आपण बुडायला जायचं?”

वर्ग हसला. मला हसू येईना. मग पोरांनीच काड्यापेट्या टेकडीवर नेऊन ठेवल्या. मी ऑफिसातला पंखा आणून लावला, तर पेट्या उडून फळ्यावर आदळल्या. तिथे विटेचा तुकडा ठेवला, तो हलला नाही. “हे मनाय सिंफोरोसाचं गोदाम!” एमरल्ड ओरडली. टेकडीवर खरंच एक सिमेंटचं गोदाम आहे, स्लॅबचं. मनाय, म्हणजे थोरली बहीण, असं सगळं गाव जिला म्हणतं ती सिंफोरोसा त्यात दोरखंडासाठीच्या अबाकाच्या वाखाचे गठ्ठे ठेवते आणि गावातल्या कुणालाही दारात उभं करत नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर सर क्रिसांतो यांनी मला बोलावलं. पोरांनी घरी जाऊन सांगितलं होतं, आणि आमचा गावप्रमुख काप रुफो आधीच तिथे पाय पसरून बसला होता.

“मॅम अदेल्फा, शाळा बुडते असं तुम्ही शिकवता म्हणे,” सर म्हणाले.

“मी नाही शिकवत, सर. बुडते.”

“कुठे बुडते?”

“ट्रेमध्ये.”

“ट्रेमध्ये काय, काहीही बुडेल! परीक्षेत ‘निवारा’ लिहिलं तरच गुण द्यायचे.”

“आणि पाटी आत्ताच रंगवलीय हो,” काप म्हणाला. “निळा रंग मिळवताना नाकी नऊ आले माझ्या.”

“काप, तुमची पाटी समुद्राला वाचता येत नाही.”

“बघा, बघा सर! असं बोलते ही. हिच्या बापाने हिला कॉलेजात घातलं तिथेच चूक झाली.”

जुलैत सराव ठरला. तालुक्याहून पाहुणे येणार, सगळ्यांनी आपापल्या घरी थांबायचं, चर्चची घंटा वाजली की घरच्यांना घेऊन शाळेत पळत यायचं. भोंगा होता, पण त्यात मुंग्यांनी घर केलं होतं. पाहुणे सभागृहात बसले, त्यांच्यापुढे पान्सितच्या शेवयांच्या ताटल्या मांडल्या, कॅमेरा तयार. घंटा वाजली. एक म्हातारा आला, त्याला पान्सितचा वास आला होता. मागोमाग दोन कुत्री. बाकी कुणी नाही.

मी दारातून टेकडीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. माझा अख्खा वर्ग चढणीवर होता. कुणी आजीला ओढतंय, कुणी तान्ह्या भावाला काखोटीला मारलंय. एमरल्ड पुढे, हातवारे करत. वरून मनाय सिंफोरोसाचा आवाज शाळेपर्यंत ऐकू येत होता.

“काय पाहिजे रे कार्ट्यांनो?”

“समुद्र आलाय!”

“कुठंय?”

“आला नाही, सराव आहे!”

“मग माझ्या झाडूचाही सराव होऊ द्या!”

पाहुण्यांनी रिकाम्या सभागृहाचा फोटो काढला, गार पान्सित खाल्लं आणि गेले. सर माझ्याशी कितीतरी दिवस फक्त शिपायामार्फत बोलत होते. मी पोरांना तसं करायला सांगितलं नव्हतं, हे शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझी मलाच चीड आली होती. ट्रेमध्ये टेकडी दाखवली, पण गोदामाला कुलूप आहे ही गोष्ट मी ध्यानातच घेतली नव्हती. खरं वादळ असतं तर पोरं बंद दारापुढे उभी राहिली असती.

म्हणून शनिवारी ट्रे डोक्यावर घेऊन मी टेकडी चढले. मनाय सिंफोरोसाच्या ओसरीवर सगळं पुन्हा मांडलं, या वेळी चर्चसुद्धा, पाणी ढकललं, पंखा नव्हता म्हणून फुंकर मारली. ती विडी ओढत शेवटपर्यंत बघत राहिली.

“माझं गोदाम चर्चपेक्षा लहान का केलंस?”

“मनाय, तो विटेचा तुकडा आहे.”

“मोठा तुकडा मिळाला नाही?”

“मिळेल. पण वादळात दार उघडशील का?”

“आणि माझा अबाका भिजला म्हणजे? लोक त्याच्यावर बसणार, पोरं त्याच्यावर मुतणार. तू भरून देणार?”

मी ट्रे उचलला आणि निघाले. मागून ती ओरडली, “किल्ली कुणाला देणार नाही! वेळ आली तर मी स्वतः उघडीन. आणि डुकरं आत आणायची नाहीत!”

ऑक्टोबरात वादळाचा इशारा आला. काप कर्णा घेऊन शाळेत चला, शाळेत चला म्हणत फिरला. माझ्या वर्गातल्या पोरांनी घरोघरी एवढं रडून आकांत केला की निम्मं गाव निमूटपणे टेकडी चढलं. मीही चढले. माझा बाप मात्र खाली राहिला. तातय चाळीस वर्षं मासेमारी करत होता, आणि आता दिवसभर व्हरांड्यात बसून आपल्या झुंजीच्या कोंबड्याच्या तंगड्या चोळतो. कोंबड्याचं नाव सेनादोर. मला ताप आला तर तातय म्हणतो, पाणी पी. सेनादोर शिंकला तर डॉक्टरकडे जातो.

वादळ उत्तरेला वळलं. आमच्या गावात एक केळ पडली, तीही आधीच वाकलेली होती. गोदामात रात्र काढून लोक खाली उतरले ते माझ्या नावाने बोटं मोडत. एकीचं डुक्कर सुटून रानात गेलं होतं. एकाच्या कमरेत लचक भरली होती. बेकरीवाल्याने ट्रे परत मागितला.

“काय गं नेने,” लहानपणीच्याच हाकेने तातयने व्हरांड्यातून विचारलं, “आला का तुझा समुद्र? की त्याला पत्ता सापडेना?”

त्या दिवशी मी ठरवलं, बास. फळ्यावर मी वनस्पतीचे भाग काढले. मूळ, खोड, पान. वनस्पतीचा कुणाला राग येत नाही.

नोव्हेंबरात पुन्हा इशारा आला, आणि या वेळी रेडिओवरच्या माणसाचा आवाज वेगळा होता. मी कुणाला काही सांगायला गेले नाही. फक्त तातयची पिशवी भरली : औषधं, स्वेटर, उकडलेली रताळी.

“मी येत नाही,” तो म्हणाला.

“तातय, रेडिओ ऐकलास ना?”

“रेडिओ जन्मला नव्हता तेव्हापासून वादळं बघतोय. वारा येतो, छप्पर नेतो, आपण नवं घालतो. तू जा वर त्या विडीवालीकडे.”

सकाळचे ढग पिवळे पडले होते. दारात उभी राहून बघते तो रस्त्याने माणसं निघाली होती. शाळेकडे नाही, टेकडीकडे. ज्यांनी मला शिव्या घातल्या तेच. डुक्करवाली बाई नवं पिलू पोत्यात घालून नेत होती आणि मला बघून म्हणाली, “या वेळी समुद्र आला नाही ना मॅम, तर तुमच्या घरी येऊन राहीन!” काप चौकात कर्ण्यावर शाळेत चला ओरडत होता. लोक त्याला मान डोलावून नमस्कार करत होते आणि वर जात होते.

मी परत घरात वळले. तातय खुर्चीत घट्ट. मी हात जोडले, ओरडले, आईची शपथ घातली. “तुझी आई असती तर तीही बसली असती,” तो म्हणाला. तेव्हा माझं डोकं फिरलं. व्हरांड्यात गेले, सेनादोरला काखेत दाबला आणि चालायला लागले.

“ए नेने! ठेव त्याला! त्याला वारा लागेल!”

मी थांबले नाही. पाऊस आडवा मारत होता, कोंबडा माझ्या दंडाला चोची मारत होता, आणि मागून माझा बाप अख्ख्या गावाला ऐकवत येत होता, “चोर! पकडा तिला! माझी पोरगी कोंबडाचोर!” टेकडीच्या वळणावर एमरल्डच्या घरचे होते. एमरल्डने मागे वळून बघितलं आणि काही न विचारता तातयचा हात धरला. तो तिच्यावरही ओरडला, पण हात सोडला नाही.

गोदामाचं दार उघडं होतं. मनाय सिंफोरोसा उंबऱ्यावर झाडू घेऊन उभी, येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघत. “चिखल बाहेर! पोत्यात काय आहे? डुक्कर? डुक्कर नाही म्हटलं होतं ना!” डुक्कर आत गेलं. सगळ्यांत शेवटी सर क्रिसांतो आणि काप आले, काप कर्णा बगलेत मारून, नखशिखांत भिजलेला.

“वरची व्यवस्था बघायला आलो,” तो म्हणाला. मनाय सिंफोरोसाने झाडू त्याच्या चिखलाच्या पायांकडे रोखला. बाहेर वारा किंचाळत होता.

भिंतीत वर एक झरोका आहे. गठ्ठ्यांवर चढून मी तिथून बघत होते. लाट बिट काही नव्हती. समुद्र नुसता उभा राहिला आणि चालत आला. आधी मुतारी गेली. मग निळी अक्षरं दिसेनाशी झाली. मग शाळेची समुद्राकडची भिंत अशी आडवी झाली, जशी कुणी वही मिटावी. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना ढकलत रस्त्यावर आली. इतके महिने मी सगळ्यांना सांगत होते, शाळा बुडते, शाळा बुडते, आणि आता देवाला विनवत होते की या एका बाबतीत तरी मला खोटी पाड.

एमरल्ड कधी शेजारी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिचं घर पाण्यातून जाताना तिने बघितलं.

“मॅम,” ती म्हणाली, “ट्रेमध्ये एवढं जोरात नव्हतं.”

मी तिला जवळ ओढून घेतलं. खाली सर क्रिसांतो गठ्ठ्याला टेकून बसले होते. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. त्यांची शाळा गेली होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राग आला नाही.

आमच्या गावात कुणी गेलं नाही. घरं गेली, होड्या गेल्या, डुकरं गेली, आत आलेलं ते एक सोडून. पण माणसं मोजली तेव्हा सगळी होती.

मग आम्ही शाळा गोदामातच भरवली. मनाय सिंफोरोसा मागे खुर्ची टाकून बसते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला हरकत घेते. सर म्हणतात, नवी शाळा टेकडीवर बांधा असा अर्ज त्यांनी केलाय, आणि अर्जात ही कल्पना कुणाची ते लिहायचं राहून गेलंय.

परवा मदतीचा ट्रक आला. तांदूळ वाटणाऱ्या एका तरुण बाईने तातयला विचारलं, आजोबा, तुम्ही सगळे वेळेवर वर कसे आलात?

“मी चाळीस वर्षं समुद्र बघितलाय,” तातय म्हणाला. “ढग बघूनच ओळखलं. ही माझी पोरगी ऐकतच नव्हती. शेवटी हिला ओढत वर आणली.”

बाई कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली. सेनादोर तातयच्या मांडीवर डोळे मिटून बसला होता. मी तोंड उघडलं, मग म्हटलं जाऊ दे, आणि तांदळाची पिशवी उचलून चुलीकडे गेले.