वरची खाच

थोरली बहीण आपल्या लेकीच्या घरून परत आली, तर दाराजवळचा खांब जागेवर नाही. जमिनीत खड्डा, आणि त्यात कुणीतरी फुलझाड लावून ठेवलेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नदी समुद्राला मिळते तिथलं हे घर तिच्या वडिलांचं. ते नावाडी. पुराचं पाणी जिथवर चढेल तिथे ते त्या खांबावर खाच पाडायचे. पुढे पूल झाला, नाव बंद पडली, वडीलही गेले, आणि धाकट्या भावाने सुट्टीवर येणाऱ्यांसाठी घरात खोल्या काढल्या. चादरी, झाडलोट, स्वयंपाक थोरलीच्या गळ्यात. गोड बोलणं तेवढं धाकट्याकडे.

"खांब कुठाय रे?"

"आत ये ना ताई, बघ तर खरं!"

बैठकीच्या खोलीत, नव्याने ठोकलेल्या खोट्या छताखाली, खांब पॉलिश मारून उभा केला होता. शेजारी पाटी: 'आमच्या नदीचा इतिहास'. पाहुणे हौसेने फोटो काढत होते. एक गृहस्थ सगळ्यात वरच्या खाचेला टेकून उभे राहिले. खाच त्यांच्या छातीशी आली.

"एवढंच पाणी?" ते बायकोला म्हणाले. "यात काय बुडायचंय! माणूस आरामात उभा राहील की."

थोरलीने वाकून खांबाचं बूड पाहिलं. लाकूड ताजं, पांढरं. "खालून कापलास?"

"मग काय करणार? छताला लागत होता. वरून कापला असता तर खाच गेली असती ना!" केवढी अक्कल चालवली, असा त्याचा चेहरा.

त्याच खाचेच्या पुरात त्यांची आई गेली होती. धाकटा तेव्हा तान्हा. ही गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती, पण या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली होती. थोरलीला वाटलं, याला एक सणसणीत ठेवून द्यावी. आईला उभं राहता आलं असतं, असं हा आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार!

ती तरातरा मागे गेली आणि दारं रंगवायचा निळा डबा, ब्रश घेऊन आली. घराला रंग द्यायची वेळ आली की वडील म्हणायचे, "खाच खिडकीच्या वरच्या लाकडाच्या रेषेत आहे, विसरू नकोस." ती खुर्चीवर चढली आणि त्या लाकडापासून, खुर्ची सरकवत, थेट पाटीच्या वरपर्यंत भिंतीवर जाड रेघ ओढत गेली.

"ताई! परवाच रंग दिलाय! पाहुण्यांसमोर कसला तमाशा हा?"

"तमाशा तू मांडलायस, मेल्या!" मग तिने त्या गृहस्थांना हाक मारली. "या, उभे राहा आता इथे."

ते ओशाळून उभे राहिले. हात वर केला, तरी बोटं रेघेला टेकेनात.

"आई तर तुमच्या खांद्याएवढी होती," थोरली म्हणाली. मग भावाकडे वळली. "बाबा मला घेऊन नावेत, आणि ती तुला घेऊन घरात अडकलेली. खिडकीत चढून तिने तुला टोपलीसकट तुळईवर ठेवलं. तिला स्वतःला चढता आलं नाही."

धाकट्याने मान वर केली. वर तुळई नव्हती. त्यानेच पसंत केलेलं गुळगुळीत, पांढरं छत होतं.

"छत उतरव," थोरली म्हणाली, आणि ब्रश त्याच्या हातात कोंबून स्वयंपाकघरात निघून गेली.