डावी बाजू

प्रशिक्षकाने डावीकडून फेकलेला टॉवेल बॉक्सर हातोड्याच्या खांद्यावर आपटून खाली पडला, तेव्हा सरावगृहात कुणी मान वर केली नाही. काकांचं पेन मात्र थांबलं. उजवीकडून आलेली पाण्याची बाटली याच हातोड्याने आत्ता लीलया झेलली होती.

काका तीस वर्षं वर्तमानपत्रात खेळाचं पान सांभाळत होते. 'हातोडा' हे नावही त्यांनीच त्या बॉक्सरला दिलं होतं, तो सतरा वर्षांचा असताना.

"डावीकडचं दिसत नाही त्याला," त्यांनी प्रशिक्षकाला कोपऱ्यात गाठलं.

"हळू बोला. डोळ्यांची तपासणी पास झालाय तो."

"कशी काय?"

"अक्षरांचा तक्ता पाठ करून." प्रशिक्षकाने नजर चुकवली. "आणि छापाल तर समोरचाही वाचेल. मग प्रत्येक ठोसा तिकडूनच येईल. बघा बुवा, तुम्हीच ठरवा."

काका कचेरीत परतले, तर हातोड्याची बायको जिन्यात उभी.

"काका, घरी पेला ठेवायला जातात आणि टेबल सोडून भलतीकडेच ठेवतात. माझं ऐकत नाहीत. तुमचं मात्र दोन-दोनदा वाचतात. एकदा लिहा ना, यांच्याच्याने आता होणार नाही म्हणून. लाजेने का होईना, घरी बसतील."

"बघतो, पोरी."

काकांनी लिहिलं. डोळ्याचं नाव काढलं नाही. पाय जड झालेत, पदकाची आशा धरू नये, त्याने आता थांबावं, एवढंच. संपादकांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

"काका, उद्या अंतिम लढत. सगळा देश देव पाण्यात घालून बसलाय आणि आपण अपशकुन करायचा?"

"खरं आहे ते."

"मग खरं लढतीनंतर लिहू की! पळून जातंय का ते?"

काका अडून बसू शकले असते. स्पर्धेच्या डॉक्टरांना एक फोन करू शकले असते. पण निवृत्तीला सहा महिने उरले होते, आणि वाद घालायची सवय तर कधीचीच मोडली होती. त्यांनी मजकूर परत घेतला आणि मुकाट्याने दुसरा लिहून दिला.

सकाळी मथळा झळकला, 'सुवर्ण मुठीत!' खाली काकांचं नाव. आठ वाजता फोन वाजला.

"काका, तुम्ही लिहिलंत ना, मग झालं तर!" हातोडा हसत होता. "खरं सांगू? मनात जरा धाकधूक होती. तुम्ही कधी उगाच लिहीत नाही."

"सांभाळून खेळ," एवढंच काका म्हणाले.

दुपारी ते पहिल्या रांगेत बसले. प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीला दोन हलके ठोसे टाकून पाहिले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. दुसऱ्याला हातोड्याचा हात वर आलाच नाही. प्रतिस्पर्ध्याने वळून आपल्या प्रशिक्षकाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. भोवती हजारो माणसं हातोड्याच्या नावाने घसा फोडत होती. त्यानंतरचे सगळे ठोसे एकाच बाजूने आले. तिसऱ्या फेरीत हातोडा कोसळला आणि आरडाओरडा रांगेरांगेने विझत गेला.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्त साकळलंय. शस्त्रक्रिया करतोय. आत्ताच काही सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर हातोड्याची बायको एकटीच बसली होती. रडत नव्हती. काका समोर जाऊन उभे राहिले, तरी बराच वेळ तिने वर पाहिलं नाही.

"उद्या काय लिहिणार?"

"खरं. डोळ्याचं, तपासणीचं, माझंसुद्धा. सगळं."

"आता कशाला, काका?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना जागा करून दिली. काका उभेच राहिले.