तात्पुरता उघडा रस्ता

कोडमधल्या त्या ओळीवर शेरा होता, ‘तात्पुरतं’. त्याला दोन वर्षं झाली होती.

ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणत, त्या प्रोग्रामरनी तो शेरा आज तिसऱ्यांदा वाचला आणि ते लॅपटॉप उचलून तडक मीटिंगच्या खोलीत गेले. त्यांचं ॲप लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या फोनवर पोचवायचं. नव्या ॲपमधून रिपोर्ट एन्क्रिप्ट होऊन जात, जुन्यातून साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. जुने फोन अडू नयेत म्हणून त्या ओळीने सर्व्हरवर हा उघडा रस्ता ठेवलेला होता.

काकांच्या बायकोचा फोन जुनाच होता. ती शिक्षिका. मधल्या सुट्टीत तिने शाळेच्या वायफायवर आपल्या आजाराचा रिपोर्ट उघडला. शाळेचं नेटवर्क सांभाळणाऱ्याने तो वाटेतच वाचला आणि मुख्याध्यापिकेच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग काढून घेतला. "माझ्या वर्गातल्या पोरांना मी सांगणार होते," एवढंच ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. तिला जाऊन चार महिने झाले होते.

"तो रस्ता आज बंद करायचा," काका म्हणाले.

"पुढच्या रिलीजमध्ये घेऊ ना, काका," टीम लीड म्हणाला. "जुने फोनवाले आपल्या नावाने शंख करतील. आणि लोकांचे रिपोर्ट वाचत बसायला इतका रिकामटेकडा कोण आहे?"

"आपल्याकडे तर जेवायलाही वेळ नसतो," टेस्टर मुलगी हसली.

काकांनी टेस्टिंगचा जुना फोन लीडपुढे सरकवला. "परवा ऑफिसच्या तपासणीत रक्त दिलंस ना? उघड तुझा रिपोर्ट."

लीडने हसत हसत उघडला. काकांच्या लॅपटॉपवर वायफायवरून जाणारं येणारं दाखवणारा प्रोग्राम चालू होता. ते मोठ्याने वाचू लागले. "वय एकतीस. उपाशीपोटी साखर दोनशे चाळीस."

टेस्टरचं हसू मावळलं.

"काका, सगळ्यांसमोर काय हे?" लीड म्हणाला.

"तुझा पासवर्ड फोडला नाही. फोनला हात लावला नाही. समोरून गेलं, वाचलं. घरी माहीत आहे?"

"नाही." लीडची मान खाली गेली. "आईला मी सांगणार होतो."

काकांना त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

"सॉरी, काका. काकूंचं मला खरंच..."

"तिचं नाव काढू नकोस. रस्ता बंद कर."

लीडने लॅपटॉप ओढला, पासवर्ड घातला आणि काका पाठीशी उभे असतानाच ती ओळ काढून टाकली.

पंधरा मिनिटांत फोन खणखणू लागले. टेस्टर उठली, तर काकांनीच रिसीव्हर उचलला.

"हो, जुनं ॲप बंद आहे. बिघाड नाही, आजी, मुद्दाम केलंय. चिडा, काही हरकत नाही. नवं कसं घ्यायचं ते सांगतो. घाई करू नका, मी आहे फोनवर."