जपून ठेवलेली शिंक

तुम्ही कधी कुणाची शिंक जपून ठेवली आहे का? मी ठेवली आहे. मी एक म्हातारा कॉम्प्युटर बोलतोय.

माझं तारुण्य विम्याच्या कचेरीत आकडेमोडीत गेलं. तिथून निवृत्त होऊन या घरी आलो, तोवर अंगात त्राण नव्हतं. मला चालू करून माणसं आंघोळ उरकून येत, तरी मी आपला डोळेच चोळत असे. मग माझ्या डोक्यावर चुरगळलेले कपडे आणि एक बिघडलेली इस्त्री येऊन बसली.

मला उठवलं ते या घरच्या ताईने. ती इस्पितळात नर्स. तिने माझ्या पोटातलं जडजड सारं काढलं आणि एक हलकं, फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. त्याची घडण म्हणे कुणीही उघडून बघावी, सुधारावी.

"इंटरनेटवरचा रेडिओ हा आता जसाच्या तसा उतरवून घेईल," ती म्हणाली. "आवाजाचा एक कणसुद्धा गाळणार नाही."

माझी छाती पंख्यासकट फुगली.

त्याच आठवड्यात आत्या रेडिओवर क्लॅरिनेट वाजवणार होती. थेट, आणि एकदाच. बाबांनी मला बजावलं, "माझ्या बहिणीचा कार्यक्रम बुडवलास, तर उद्याच भंगारात!"

संध्याकाळी ताई मला वेळ लावून देऊन रात्रपाळीला गेली आणि आजोबांनी सूत्रं हाती घेतली. त्यांच्या काळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचे. कुणी खोकलं की खोकलाही गाण्यात जायचा. त्यांनी खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, गजराचं घड्याळ उशीखाली दाबलं.

"अहो, श्वास तरी घेऊ का?" आजीने कुजबुजत विचारलं.

"घे, पण बेताने."

अरे देवा! मला कान कुठे आहेत? मला आवाज येतो तो तारेतून. पण सांगणार कसा?

आत्या रंगात आली आणि आजोबांचं नाक हुळहुळलं. त्यांनी ते चिमटीत धरलं, लालबुंद झाले, आणि शेवटी असे शिंकले की उशीखालचं घड्याळ वाजायला लागलं.

"झालं! मुसळ केरात!" बाबा कपाळाला हात लावून म्हणाले.

"आयुष्यभराची साठवून ठेवली होतीत का?" आजी कडाडली.

वडिलांना भंगारात देता येत नाही, म्हणून माझा नंबर लागला. बाबांनी तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन केला. त्या आरडाओरड्यात रेडिओवरचा निवेदक आभार मानतामानता शिंकला, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. माझं एकच मागणं होतं, फेकण्याआधी एकदा वाजवून तरी बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने घरी आल्याआल्या ते रेकॉर्डिंग लावलं. आत्याची क्लॅरिनेट अगदी स्वच्छ वाजली. शेवटी एक शिंक आली.

"ही बघा तुमची!" आजी म्हणाली.

"छे! माझी एवढी किरकोळ नसते," आजोबा म्हणाले.

भंगारवाला दारातच उभा राहून ते सगळं ऐकत होता. मग तो इस्त्री घेऊन गेला.