थंडीतून आणलेलं यंत्र

"अहो, दाबू नका! बटण दाबू नका!"

ठिणगी काउंटरच्या आतून ओरडली, पण तोवर नृत्यशिक्षिकेचा अंगठा बटणावर जाऊन परतही आला होता. तळहाताएवढ्या त्या म्युझिक प्लेयरमधून टक्, टक्, टक् असा नखाने पेला वाजवल्यासारखा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

"हे बघा, हे असंच होतंय," नृत्यशिक्षिका म्हणाली. "पाच वेळा करून पाहिलं."

"पाच वेळा?"

"आत्ताचं धरून सहा."

ठिणगीने प्लेयर तिच्या हातातून काढून घेतला आणि कपाळाला हात लावला. तिच्या पाठीमागे भिंतीवर वीतभर अक्षरांत पाटी होती : 'थंडीतून आणलेलं यंत्र दोन तास चालू करू नये.' पाटी लावल्याला दोन हिवाळे झाले होते. आजवर एकाही माणसाने ती वाचली नव्हती. एकाने तर तिच्याखाली उभं राहून, "इथे काही सूचना वगैरे लावत जा ना," असं सुनावलं होतं.

"रात्रभर गाडीत राहिला होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हातात बर्फाची लादी दिलीत तुम्ही माझ्या! ऐका. याच्या आत हार्ड डिस्क आहे. म्हणजे एक तबकडी, गरगर फिरणारी. गारठ्यात तिचं वंगण घट्ट होतं, तिला फिरायला जोर लागतो, आणि जोर द्यायचा तर बॅटरी थंडीने आधीच अर्धमेली. त्यात तुम्ही बाहेरून आणून एकदम उबेत ठेवलंत की चष्म्यावर वाफ धरते तसं आत दव धरतं. अशा वेळी काय करायचं? काही करायचं नाही. नुसतं पडू द्यायचं. हे काही न करणं लोकांना का जमत नाही, मला सांगा."

"उद्या मुलींचा कार्यक्रम आहे हो. सगळी गाणी यातच आहेत."

"मग तर अजिबात हात लावू नका. दुपारनंतर या."

तिने प्लेयर सुकण्याच्या फळीवर ठेवला. फळीवर आधीच चार होते. बाहेर रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्यावर पहाटे धरलेला बर्फाचा पापुद्रा अजून तसाच होता. हिवाळ्याचे हे तीन महिने तिचं दुकान चालायचं आणि डोकं फिरायचं.

ठिणगी हे नाव वडिलांनी ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना, स्वभाव पाहून. पुढे ती सोल्डरिंगच्या कामाला लागली तेव्हा लोकांना वाटलं, नाव धंद्यावरून पडलं असेल. बारा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून तिने रेडिओ, टेपरेकॉर्डर, प्लेयर दुरुस्त केले. मालक म्हातारा झाला, दुकान बंद करतो म्हणाला, तेव्हा तेच टेबल, तीच हत्यारं घेऊन तिने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान मांडलं. घरात ती आणि वडील, दोघंच.

नृत्यशिक्षिका गेली आणि दार पुन्हा उघडलं. वडील आत आले. पाणीखात्यात ते व्हॉल्व्हमन होते. रोज पहाटे चार मैल पायी फिरून कुठल्या गल्लीचं पाणी सोडायचं, कुठल्या गल्लीचं तोडायचं, ते बघायचे. कानात गाणी असायची. त्यांनी कोटाच्या बाहेरच्या खिशातून आपला प्लेयर काढला आणि एखाद्या मुलाने प्रगतिपुस्तक ठेवावं तसा काउंटरवर ठेवला.

"पुन्हा?" ठिणगी म्हणाली.

"बंद पडला."

"या हिवाळ्यात चौथ्यांदा, बाबा! कुठे ठेवला होता?"

"खिशात."

"कुठल्या?"

वडील पाटी वाचू लागले.

"मी काय सांगितलं होतं? आतल्या खिशात ठेवा. छातीशी. अंगाची ऊब लागते, बिचारं जगतं. कोटाला आतून एवढा छान खिसा आहे, तो काय शोभेला? लोकांना मी शंभरदा सांगते, त्यांना नाही कळत, ठीक आहे. पण माझ्याच घरात कुणी ऐकू नये?"

"विसरतो गं."

"दोन वर्षं विसरताय! कुठल्या गल्लीत व्हॉल्व्हचे किती आटे फिरवायचे ते बरं पाठ असतं."

"ते पगारी काम आहे," वडील म्हणाले, आणि मागच्या खोलीकडे मान वळवून, "तुझा नळ ठिबकतोय. ऐकू येतंय मला," असं म्हणत त्यांनी कोट खुर्चीवर टाकला आणि पाना घेऊन आत गेले. विषय बदलण्याची त्यांची ही जुनी पद्धत होती. ती रागवायला लागली की त्यांना कुठेतरी पाणी गळताना ऐकू यायचं.

ठिणगीने प्लेयर कानाशी नेऊन हलवला. बर्फगार. या वेळी डिस्क वाचेलशी खात्री वाटेना. ती तणतणत उठली आणि कोट उचलला. प्लेयर आतल्या खिशातच अडकवून ठेवायला एक गुंडी शिवून द्यावी, म्हणजे 'विसरलो' म्हणायची सोयच राहणार नाही. खिशाची खोली पाहायला तिने हात आत घातला, तर बोटांना प्लॅस्टिकचं काहीतरी लागलं.

ते एक कार्ड होतं. कडा मळलेल्या. वर इस्पितळाचं नाव, खाली वडिलांचं, आणि त्याखाली : हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं यंत्र, छातीत डाव्या बाजूला. तारीख दोन वर्षांपूर्वीची. 'तातडीने कळवायची व्यक्ती' या रकान्यात वडिलांच्या मुकादमाचा नंबर होता. तिने कार्ड उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चुंबक, मोबाइल, हेडफोन आणि संगीत वाजवणारी यंत्रं छातीपासून किमान वीतभर दूर ठेवावीत.

तिने तारीख पुन्हा वाचली. दुकान उघडलं त्याच्या आदल्या आठवड्यातली.

त्या आठवड्यात वडील खात्यातल्या मंडळींबरोबर चार दिवस फिरायला जातो असं सांगून गेले होते. फोन बंद होता, म्हणून परत आल्यावर तिने त्यांना फैलावर घेतलं होतं. आणि उद्घाटनाच्या सकाळी लोखंडी मांडणी आत घेताना ती, सुतार आणि त्याचा भाऊ घामाघूम झाले होते. वडील डावा हात खिशात घालून दाराशी उभे. सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "पाहुण्यासारखे काय उभे आहात बाबा? एक हात लावा की!"

"पाठ धरलीय," एवढंच ते म्हणाले होते.

आतून पाना आपटल्याचा आवाज आला आणि वडील हात पुसत बाहेर आले. "वॉशर गेलाय. उद्या आण—" ठिणगीच्या हातातलं कार्ड दिसलं तसे ते थांबले. मग शांतपणे पुढे येऊन स्टुलावर बसले.

"कुणाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"मुकादमाला. त्यानेच नेलं होतं. व्हॉल्व्हपाशी चक्कर आली, त्याने उचलून गाडीत घातलं."

"आणि मी? मी कोण?"

"तुझं दुकान उघडायचं होतं गं."

"दुकान गेलं खड्ड्यात!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या शिंप्याने मशीन थांबवलं. "दोन वर्षं मी तुम्हाला रोज ओरडतेय. छातीशी ठेवा, छातीशी ठेवा. एकदा तरी म्हणायचंत, नाही ठेवता येत! उलट मुकाट्याने बोलणी खाल्लीत. आणि मी एखाद्या दिवशी जबरदस्तीने तिथे ठेवायला लावलं असतं, तर?"

"म्हणून तर विसरायचो." ते किंचित हसले. तिला हसू आलं नाही. तेव्हा त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. कार्ड थरथरत होतं. "हे बघ. हेच. तू रागावलीस की तुझा हात कसा दगडासारखा स्थिर असतो. घाबरलीस की हा असा होतो. तुझी आई आजारी होती तेव्हा महिनाभर तुला एक तार जोडता येत नव्हती. आठवतंय? आणि हे यंत्र बसवलं तेव्हा तू दुकान मांडत होतीस. म्हटलं, रागावू दे."

ठिणगीने कार्ड काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. शिंप्याचं मशीन हळूच पुन्हा सुरू झालं.

"तपासणीला कोण येतं तुमच्याबरोबर?" तिने विचारलं.

"जाऊन येतो एकटा. सहा महिन्यांनी असते. येत्या गुरुवारी आहे."

नृत्यशिक्षिकेचा प्लेयर दुपारी सुरू झाला. तिने आनंदाने ठिणगीचे हात दाबले आणि ती गेली, पाटी न वाचताच. वडिलांच्या प्लेयरला ठिणगीने पूर्ण दिवस फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी डिस्क कशीबशी फिरली. तिने लगेच गाणी उतरवायला घेतली. निम्म्याहून थोडी जास्त आली आणि टक् टक् करत डिस्कने कायमची मान टाकली. मग तिने आतली तबकडीच काढून टाकली आणि तिच्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड बसवलं. आता आत फिरणारं काही उरलं नव्हतं. कमरेच्या उजव्या बाजूला, कोटाच्या आत राहील अशी एक जाड कापडी पिशवी तिने शिवून घेतली. ती छातीपासून एक वीत आणि चार बोटं दूर आहे, हे तिने वडिलांना उभं करून दोनदा मोजलं.

"हा पूर्वी जरा गुरगुरायचा," प्लेयर हातात घेऊन वडील म्हणाले. "आता मुका वाटतो."

"बाबा, प्लीज."

"नाही, चांगला आहे. मी आपलं सांगितलं."

गुरुवारी दुकानाला कुलूप होतं. इस्पितळात तपासणीच्या खोलीत एक तरुण तंत्रज्ञ बाई होती. तिने वडिलांना शर्ट उघडायला सांगितला आणि साबणाच्या वडीएवढं एक उपकरण त्यांच्या छातीवर टेकवलं. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीला चौकोनी उंचवटा होता, त्यावर बोटभर पांढरा व्रण. दोन वर्षं एका घरात राहून ठिणगीने तो पाहिला नव्हता. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत पळू लागली.

"छान चाललंय," तंत्रज्ञ म्हणाली. "बॅटरी अजून आठ वर्षं तरी जाईल."

"याच्यावर थंडीचा काही परिणाम?" ठिणगीने विचारलं. "हे पहाटे बाहेर असतात. पाणी गोठतं तेव्हासुद्धा."

तंत्रज्ञ हसली. "ताई, ते आत आहे. अंगात सदतीस अंश असतात, बारा महिने. त्याला कसली आलीय थंडी?"

ठिणगीने मान डोलावली. पुढचे प्रश्न तिने घरून कागदावर लिहून आणले होते, पण कागद पर्समधून काढला नाही.

तंत्रज्ञ पुढच्या माणसाला हाक मारायला बाहेर गेली. खोली गार होती. वडील पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावू लागले. बोटं आखडली होती. पहिलं बटण काजातून दोनदा निसटलं. ठिणगीचा हात पुढे गेला आणि थांबला. ती कोट हातावर घेऊन उभी राहिली. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली, तरी तिने घाई केली नाही. वडिलांनी खालच्या ओठावर दात ठेवून, मान वाकवून, एकेक करत सगळी बटणं लावली, गळ्याजवळचंही.