तीन ठिपक्यांचा चाकू

पुंजारामने चाकू टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. अख्तरीने आपला हात पुढे केला होता, पण त्यात त्याने तो दिला नाही. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण लागतं, हे तिलाही ठाऊक होतं. तिच्या घरीही सुरी आधी खाली ठेवायची आणि मग दुसऱ्याने उचलायची, अशीच रीत होती.

"भांडाया नाय आलो बाई," तो म्हणाला. "इचारायला आलोय."

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती. पट्टी मळलेली, टोकाशी पिवळट. हर्सूलच्या पुढे एका रोपवाटिकेत तो मोसंबीची कलमं करायचा. लिंबाच्या खुंटाची साल चिरायची, चाकूच्या पाठीने ती अलगद उचलायची आणि आत मोसंबीचा डोळा, म्हणजे फुटीची कळी, बसवायचा, हे त्याचं जन्माचं काम. त्या उचलण्यातच घडीच्या चाकूचा खटका सुटला आणि पातं उलटं फिरून बोटांवर मिटलं. हे सगळं त्याने आधी फोनवर सांगितलं होतं. तेव्हा त्याला उत्तर मिळालं होतं की बिल पाठवा, फोटो पाठवा, चाकू स्वतःच्या खर्चाने कुरियर करा. आणि ते सगळं केल्यावर काय, असं त्याने विचारलं तेव्हा, पात्याच्या पाठीने साल उचलणं हा चुकीचा वापर आहे, तो वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर मिळालं होतं.

"फोनवर तुमीच व्हता ना?" त्याने विचारलं.

"हो."

"आवाजावरनं वाटलं. लई गोड बोलत व्हता."

तो टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याच्या ज्या खोलीत ते बसले होते, ती पूर्वी खोकी ठेवायची जागा होती. आता दारावर 'ग्राहक सेवा कक्ष' अशी पाटी होती आणि भिंतीवर कानाला हेडफोन लावून हसणाऱ्या एका गोऱ्या मुलीचं पोस्टर होतं. त्या मुलीखाली प्रत्यक्षात अख्तरी बसायची, पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याची. बी.एस्सी. झाल्यावर ती 'टिटवी' छाप चाकूंच्या या कारखान्यात लागली ती चाकू तपासायला, फोनवर बोलायला नाही. थोरल्या मालकांनी, तात्यासाहेबांनी तिला पहिल्या दिवशी एक कानस दिली होती आणि सांगितलं होतं की पुस्तकातला पोलादाचा धडा बरोबरच आहे, पण त्याचा आवाज या कानशीत आहे.

तो आवाज तिने नंतर आयुष्यभर ऐकला. पात्याला नीट पाणी दिलेलं असेल, म्हणजे लालबुंद तापवून तेलात विझवून पुन्हा हलकं शेकलेलं असेल, तर त्यावर कानस चालत नाही. घसरते. बारीक, स्वच्छ किणकिण होते आणि खाली काही पडत नाही. पाणी कमी असेल तर कानस चावते, आवाज जाड होतो आणि राखेसारखी पूड पडते. मग चाकू उघडून पाठीकडून लाकडी ठोकळ्यावर आपटायचा. खटका टिकला तर मुठीच्या आतल्या पट्टीवर, रिव्हेटच्या शेजारी, खुणेचा पंच ठेवून एक हातोडी मारायची. प्रत्येक तपासणाऱ्याची खूण वेगळी होती. अख्तरीची तीन ठिपक्यांची. बाकीचे येत-जात राहिले, अख्तरी राहिली, आणि शहागंजाच्या बाजारातले दुकानदार चाकू उघडून तीन ठिपके दाखवून माल विकू लागले. त्यांतल्या कुणीही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा आपल्याच कामासाठी ती तिथे गेली असताना एका दुकानदाराने तिला तिचेच ठिपके बोट ठेवून दाखवले होते, आणि ती काही न बोलता बाहेर येऊन रस्त्यावर एकटीच हसली होती.

तात्यासाहेब गेल्यावर त्यांचा मुलगा आला. घरात त्याला नाना म्हणत, कारखान्यात नानासाहेब. त्याने आधी भट्टी बंद केली. पाती बाहेरून तयार येऊ लागली, पोत्यांतून, इतकी चकचकीत की त्यांत तोंड दिसावं. मग खटक्याची पट्टी पातळ झाली. मुठीचं लाकूड जाऊन प्लॅस्टिक आलं, आणि त्याचा एक वास यायचा, उन्हात तापलेल्या चपलेसारखा. पूर्वी कुणी जुना चाकू घेऊन फाटकाशी आला तर त्याला चहा मिळायचा आणि चाकू धार लावून, तेल सोडून परत मिळायचा. ते बंद झालं. त्याजागी हा कक्ष आला. तपासणीचं टेबल कमी केलं तेव्हा नानासाहेबाने अख्तरीला समजावून सांगितलं होतं, आणि ते समजावणंच तिला किळसवाणं वाटलं होतं. तो काही अडाणी नव्हता. कानस का घसरते हे त्याला तिच्याइतकंच माहीत होतं. तो म्हणाला होता, "आपा, एकच चाकू माणसाला वीस वर्षं पुरला, तर आपण काय खायचं? मोडला की तो परत दुकानात जातो. आणि तुमचा आवाज चांगला आहे. लोक शांत होतात."

लोक खरंच शांत होत. ठरलेली वाक्यं ती ठरलेल्या क्रमाने म्हणायची आणि फोन ठेवल्यावर तोंड धुऊन यायची. काही दिवसांनी तोंड धुणंही सुटलं होतं.

तिने पुंजारामचा चाकू उचलला. उघडताना पातं डुगडुगलं. ड्रॉवरमध्ये तिची जुनी कानस होती. या खोलीत ती कशाला आणली होती हे तिला सांगता आलं नसतं. तिने कानस पात्याच्या बुंध्याशी टेकवली आणि पुढे ढकलली. ती चावली. टेबलाच्या काचेवर करडी पूड पडली. पुंजाराम वाकून त्या पुडीकडे बघत राहिला.

"लोखंडच म्हणा की," तो म्हणाला.

"कुठून घेतला?"

"बाजारातून. दुकानदारानं दोन-तीन छाप दाखिवले. मी म्हणलं, ते नको. आमच्या बापाकडं टिटवीचा व्हता. त्याला आत तीन टिपके. ते बघूनच घेतला." त्याने बांधलेल्या बोटांनीच मूठ दाखवली. "ह्ये काय, हायेत की."

अख्तरीने चष्मा वर सरकवला आणि चाकू खिडकीकडे धरला. रिव्हेटच्या शेजारी तीन ठिपके होते. तिचेच. उजवीकडचा ठिपका जरा उथळ, कारण पंचाचं ते टोक पहिल्यापासून किंचित आखूड होतं. नक्कल नव्हती. पंच तिचाच होता. तिला फोनवर बसवलं त्या दिवशी तो तपासणीच्या टेबलावरच राहिला होता. तिला वाटलं होतं, पडला असेल गंजत.

तिने अंगठ्याने ते ठिपके पुन्हा चाचपले.

"दोन घेतले मी," पुंजाराम सांगत होता. "येक मला, येक सुनंला. द्वारकाबी डोळं भरती. माझ्यापेक्षा सफाई हाय तिच्या हाताला."

"तो चाकू आता कुठे आहे?"

"तिच्या हातात. सीझन हाय ना. म्या असा बसलो, मग समदं तिच्यावरच."

"तुमचं असं झाल्यावरसुद्धा ती तोच वापरते?"

"माझाच हात चुकला असंल म्हणलं," तो म्हणाला. "तुमी तसंच सांगितलं ना फोनवर. चुकीचा वापर."

तेवढ्यात दार उघडून नानासाहेब आला. फाटकावरच्या माणसाने त्याला कळवलं असावं. त्याच्या हातात एक नवा चाकू आणि 'टिटवी'चं चित्र असलेली कापडी थैली होती. तो फार अदबीने बोलला. बोटांची विचारपूस केली, असं लाखात एखाद्या वेळी होतं म्हणाला, कंपनी ग्राहकाला घरचा माणूस समजते म्हणाला, आणि नवा चाकू पुंजारामपुढे धरला.

पुंजारामने हात पुढे केला नाही. तो खाली ठेवला जाण्याची वाट बघत राहिला. नानासाहेब हात लांबवून तसाच उभा. मग नानासाहेबाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने थैलीतून एक किल्ल्यांची साखळीही काढली आणि चाकूच्या बरोबर धरली.

"खाली ठेवा," अख्तरी म्हणाली. "ते हातात घेत नाहीत."

त्याने चाकू टेबलावर ठेवला. पुंजारामने चाकूकडे पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला.

अख्तरीने फोन ओढून घेतला. "सुनेचा नंबर सांगा."

पुंजाराम आठवून आठवून एकेक आकडा सांगत गेला. घंटी वाजत होती तेव्हा नानासाहेब तिच्याकडे बघत होता, अजून हसत. ती काय करणार हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही पुरतं आलं नव्हतं. या फोनवर चाकूबद्दल काय बोलायचं नाही, हे ठरलेलं होतं: सदोष, कच्चा, धोका, आमची चूक. हे शब्द नाहीत. प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित होत होतं.

पलीकडे फोन उचलला गेला. मागे पाण्याचा आणि कुणाच्या तरी हाका मारण्याचा आवाज.

"द्वारकाबाई, मी चाकूच्या कारखान्यातून बोलतेय. तुमचे सासरे इथे आहेत, बरे आहेत. तुमच्या हातात टिटवीचा चाकू आहे का?"

"व्हय. का ओ?"

"तो आत्ता खाली ठेवा. मिटवू नका, उघडाच ठेवा, आणि पुन्हा हातात घेऊ नका. त्याच्या पात्याला पाणी नाही आणि खटका कच्चा आहे. सासऱ्यांचा हात चुकला नव्हता. चाकूच खराब आहे. मी फोनवर त्यांना खोटं सांगितलं होतं."

पलीकडे काहीतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग द्वारकाबाई म्हणाली, "मंग आता डोळं कशानं भरू?"

घरात जुना असेल तर तो वापरा, एवढंच अख्तरीला सुचलं. सासऱ्याच्या वडिलांचा.

"त्यो तर झिजून काडी झालाय," द्वारकाबाई म्हणाली. "पण चालतोय अजून. बरं." आणि तिने फोन ठेवला.

पुंजाराम उठला. त्याने आपला चाकू घेतला नाही, नवाही घेतला नाही. दाराशी जाऊन त्याने वहाणा घातल्या आणि वळून अख्तरीला म्हणाला, "येतो बाई. आमचा बाप म्हणायचा, ह्यो टिपके मारणारा मानूस लई कडक असंल."

तिने मान हलवली. तो गेल्यावर नानासाहेबाने दार लावून घेतलं. तो ओरडला नाही. बोलणं रेकॉर्ड झालंय, हे त्याने आठवण करून दिल्यासारखं सांगितलं. ते पुसता येईल, पण ती बाई गावभर सांगत फिरेल, त्याचं काय, असं विचारलं. मग म्हणाला, "आपा, तुम्ही वडिलांच्या वेळच्या. म्हणून मी काही बोलत नाही."

"माझा पंच कुणी वापरला?"

तो टेबलावरचा नवा चाकू थैलीत भरू लागला. म्हणून ती उठून तपासणीच्या टेबलाकडे गेली. तिथे आता बन्सी बसायचा, जोडणीतला जुना कामगार. त्याच्या डाव्या बाजूला खोक्यात बिनखुणेचे चाकू होते, उजव्या बाजूला खुणेचे. तो डावीकडून चाकू उचलत होता, उघडत होता, पंच ठेवून हातोडी मारत होता आणि उजवीकडे टाकत होता. टेबलावर कानस नव्हती. ठोकळाही नव्हता. ती आली तसा तो थांबला, पण त्याने मान वर केली नाही.

"सायबांनी सांगितलं व्हतं, आपा," तो म्हणाला. "ठिपके नसले की दुकानदार माल घेत नायत म्हणं."

"कधीपासून?"

"तुमी उठल्यापासून."

तिने हात पुढे केला. बन्सीने पंच तिच्या तळहातावर ठेवला. तो हाताच्या उबेने गरम झालेला होता, आणि तेच तिला सहन होईना. इतके दिवस कुणीतरी आपली सही करत बसलं होतं, रोज, पगार घेऊन, आणि ती भिंतीपलीकडे त्याच चाकूंनी कापलेल्या लोकांना शांत करत होती.

नानासाहेब मागे येऊन उभा राहिला होता. "न्या," तो म्हणाला. "तुमचाच आहे. संध्याकाळपर्यंत दुसरा करून घेतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच दुसरा संध्याकाळपर्यंत होणार होता.

तिने खोलीत परत येऊन पंच आणि कानस डब्याच्या पिशवीत टाकली आणि कारखाना सुटल्यावर निघणाऱ्या गाडीची वाट न पाहता रस्त्यावर येऊन रिक्षा केली.

रोशन गेटच्या घरी धाकटी बहीण जोहरा संध्याकाळची भाजी निवडत होती. लवकर कशी आलीस, असं तिने विचारलं. अख्तरीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, चहा घेतला आणि खिडकीपाशी खाली बसून समोर कोरा पांढरा कागद पसरला. पंच तिने डाव्या हातात घट्ट धरला. तीन टोकं वर. घासून सपाट करायची, मग हे लोखंड कुणाचंच नाही. दुसरा होईल तो होवो. हा तरी नाही.

तिने कानस टेकवून ढकलली. कानस घसरली.

तिने पुन्हा, जोर लावून ढकलली. पुन्हा घसरली. बारीक, स्वच्छ किणकिण झाली, किती तरी दिवसांत ऐकली नव्हती तशी. हा पंच तात्यासाहेबांनी तिच्यासमोर तापवला होता आणि तेलात सोडला होता. भट्टीच्या उजेडात त्यांचा चष्मा लाल झालेला तिला आठवला.

"क्या घिस रई आपा?" जोहराने आतून विचारलं.

"कुछ नइ."

खिडकीतला उजेड कमी होत गेला. ती बराच वेळ कानस ओढत राहिली. मग तिने हात थांबवले आणि कागद उचलून उजेडाकडे धरला. कागदावर काहीच पडलं नव्हतं.